होडीच्या रंगाची फटफटी

आमच्या घरी फटफटी होती. म्हणजे आहेच अजून, आत्ता लिहितेय तर समोर दारातच उभी आहे, पण मधली काही वर्षं ती असून नसल्यासारखी होती, म्हणून तोंडात आपलं "होती" येतं.

ह्यांनी ती घेतली तेव्हा आमच्याकडची मिठागरं चालू होती. हे मिठागरावर मुकादम होते. पुढे मिठागरं बुजली, त्यांच्यावर भराव पडला, कंटेनरची यार्डं उभी राहिली, आणि हे त्यातल्याच एका यार्डाच्या फाटकावर नोकरीला लागले. कामाची जागा तीच, पाणी जाऊन काँक्रीट आलं एवढंच. फटफटीही तीच. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी जुनी गाडी, मागून निळा धूर सोडणारी. खाडीच्या पुलावर आले की हे ॲक्सिलरेटरची मूठ सोडून द्यायचे, मग ती फट, फट, फट करत उतार उतरायची. तो आवाज आला की मी भात टाकायची. पूल ते घर, मग हातपाय धुणं, जरा ओट्यावर टेकून कोणाशी चार शब्द बोलणं, तेवढ्यात भात होऊन जायचा. ह्यांना वाफ निघणारा भात लागायचा, त्याच्याशिवाय पान पुढे ओढायचे नाहीत. माझं घड्याळ म्हणजे तो पूल होता बघा.

मग हे आजारी पडले आणि गेले. ते काही मी इथे लिहीत बसत नाही. लिहायचं आहे ते नंतरचं.

हे गेल्यावर मला काही वाटेनासं झालं. रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, बाई घट्ट आहे. घट्ट कसली. मिठागरात उभं राहून काम करणाऱ्यांचे तळवे खाऱ्या पाण्याने चामड्यासारखे होतात. काटा घुसला तरी कळत नाही, घरी येऊन पाय धुताना दिसतो तेव्हा कळतं. माझं आतून तसं काहीतरी झालं होतं. उठायचं, केर काढायचा, दोन वेळचा भात सकाळीच उकडून ठेवायचा आणि रात्री तोच गार खायचा. आमटीत मीठ पडलं नाही तरी मला समजायचं नाही. मिठागराच्या घरात, बोला.

मुलगी तेव्हा माझ्याजवळच होती. सासर तिने सोडलं होतं. कारणं तिची तिच्याजवळ, मी विचारली नाहीत आणि तिने सांगितली नाहीत. ती काम शोधत होती. शिमग्याच्या सुमारास तिला बंदराच्या बाजूला एका नव्या गोदामात काम लागायचं ठरलं, आला-गेला माल कॉम्प्युटरवर चढवायचं. गोदाम दसऱ्यानंतर उघडणार होतं. पण तिथल्या साहेबाने एक अट घातली. म्हणाला, सुटायला अंधार पडतो, त्या रस्त्याला तेव्हा टमटम मिळत नाही, नुसते ट्रेलर धावत असतात. स्वतःची गाडी असेल तर या, नाहीतर मी दुसरं माणूस बघतो.

आता गाडी कुठून आणायची? हप्त्यावर घे, हप्त्यावर घे, असं सांगणारे दारात बरेच येऊन गेले. हप्ता भरतो म्हणणारा त्यात कोणी नव्हता.

एका संध्याकाळी ती मागच्या पडवीत गेली आणि फटफटीवर टाकलेलं फाटकं प्लास्टिक तिने ओढून काढलं. मी तांदूळ निवडत होते.

"आई, बाबांची गाडी नीट करू या का?"

"ही?"

"चालत होती की."

"तुला गिअरची येते?"

"बाबांनी शिकवलेली. मिठागराच्या बांधावर. एकदा मी चिखलाने भरून आले होते बघ, तुला सांगितलं पाय घसरला म्हणून. तेव्हा गाडी घेऊनच पडले होते."

एरवी मी दोघांनाही ओरडले असते. जिवंत असलेलीला आणि नसलेल्यालाही. मी म्हटलं, "बरं." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागले.

नाक्यावर एक गॅरेजवाला आहे, जिभेचा तिखट. त्याला बोलावलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, किक दाबून बघितली. किक हललीच नाही, खांबाला पाय लावल्यासारखी.

"मावशी, ही गाडी कुठेय? हा गंज आहे. गंजाला कोणीतरी दोन चाकं लावलीत."

"होईल का नीट?"

"होईल की. बजेट काय आहे ते सांगा, म्हणजे कितपत होईल ते सांगतो."

मी सांगितलं. त्याने मान हलवली. "एवढ्यात दोन आरसे येतील. आणि हॉर्न. हॉर्न वाजवत ढकलत न्या."

मुलगी म्हणाली, "मजुरी लावू नकोस. काम मी करते, तू नुसतं सांगायचं. मला जमणार नाही तेवढंच तू हातात घे."

"म्हणजे मी मास्तर? आणि मास्तरला फी?"

"चहा."

"माझ्यात साखर जास्त लागते," तो म्हणाला, आणि खाली बसून त्याने पहिला नट सोडवायला घेतला. तो काही सुटला नाही. त्याच्यावर डिझेल ओतून तो चहा पिऊन गेला.

असं ते सुरू झालं. मुलगी सकाळ-संध्याकाळ गाडी खोलायची. खोललेल्या प्रत्येक वस्तूचा आधी मोबाईलवर फोटो, मग ती वस्तू डब्यात. माझे लोणच्याचे, पापडाचे, सगळे डबे नट-बोल्टांनी भरले. इंजिनातला पिस्टन जाम झाला होता. तो गॅरेजवाल्याने ठोकून, शिव्या घालून बाहेर काढला. सिलेंडर आतून घासून सारखा करायला, म्हणजे बोअर करायला, पनवेलला दिला. पिस्टन नवा मिळणं मुश्कील होतं, कंपनीने ही गाडी बनवणंच कधीचं बंद केलंय. मुलगी भंगारबाजारात दोन खेपा घालून एक वापरलेला पण धड असा घेऊन आली. सीटमध्ये जुन्या गादीचा काथ्या भरला आणि वरून रेक्झिन रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्याकडून शिवून घेतलं. चाकांच्या तारा मी काथ्याने आणि राखेने घासल्या, भांडी घासतात तशा. एक तार, मग दुसरी तार. बरं असायचं ते. त्यात काही वाटावं लागत नाही.

पेट्रोलची टाकी आतून गंजलेली. गॅरेजवाल्याने सांगितलं, बारीक खडी आत टाका, थोडं डिझेल ओता, तोंड बंद करा आणि हलवत बसा. हे काम माझ्याकडे आलं. ओट्यावर पाय सोडून मी टाकी मांडीवर घ्यायची आणि हलवायची. खळ्ळ खळ्ळ. येणारी-जाणारी थांबून बघायची. समोरची एक जण म्हणाली, "काय गो, नातू झाला काय? मांडीवर घेऊन बसलीस ती?"

म्हटलं, "टाकी झाली."

ती हसून पुढे गेली. मी दुपारभर हलवली. मधेच ओतली की आतून लाल गढूळ पाणी निघायचं, परत भरायचं. असं किती दिवस केलं ते मी मोजलं नाही. पण एक दिवस मुलीने आत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाली, "झाली, आई. पांढरी दिसतेय." तेव्हा मी हात थांबवले, आणि मग हातांना काय करावं ते कळेना.

माझे दीर शेजारच्याच घरात राहतात. ह्यांच्या पाठचे. जन्म मिठागरात गेला त्यांचा, हातात फळी घेऊन मीठ ओढण्यात. ते रोज संध्याकाळी येऊन पडवीच्या पायरीवर बसायचे आणि पुतणीवर नजर ठेवायचे.

"वहिनी, दादाची गाडी ही पोर मोडून टाकील."

"मोडलेलीच आहे, भाऊजी."

"तरी पण."

पावसाच्या जरा आधी इंजिन बसवून झालं. गॅरेजवाला, मुलगी, दीर, आळीतली चार माणसं, सगळे अंगणात. मुलीने किक मारली. काही नाही. परत मारली. गॅरेजवाल्याने प्लग काढला, पुसला, फुंकला, परत लावला. ती घामाने भिजली, पाय बदलून मारायला लागली. आणि मग ती लागली. फटफटफटफट असा आवाज आणि निळ्या धुराचा हा लोट. दिरांनी तोंडावर टॉवेल घेतला, खांदे हलत होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय करते ते बघत होते, मला कळत होतं ते. पण खरं सांगू? अंगणात पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील वाळत घातले होते आणि धूर नेमका त्यांच्यावर चालला होता. मी उठले आणि बोंबील काढायला लागले.

"मावशी," गॅरेजवाला म्हणाला, "एवढी मेहनत केली तर एकदा बघा तरी तिच्याकडे."

"बघितलं," म्हटलं. "चांगली झाली."

त्याच आठवड्यात रंग झाला. हमरस्त्यावर गाड्या रंगवणारा एक आहे, त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामाबरोबर आमची टाकी, मडगार्ड, बाजूची झाकणं काळ्या रंगात ओढून दिली. आरशासारखी चकाकत होती. आता पुन्हा रंगाला लावायला आमच्याकडे काही उरलं नव्हतं, पण लागणारही नव्हतं. पाऊस संपला की आरटीओत नेऊन पास करून आणायची, की मुलगी कामाला मोकळी. गाडी पडवीत लावली आणि गणपतीपर्यंत कॉम्प्युटरचा कोर्स करायला मुलगी पनवेलला मैत्रिणीकडे जाऊन राहिली.

पाऊस लागला तो लागलाच. पडवीत झड येते आमच्या. दिरांच्या ते जिवाला लागलं. त्यांनी माळ्यावरची गोणपाटं काढली आणि फटफटीला पुढून-मागून गुंडाळून, वरून काथ्याने बांधून टाकली. मी बघितलं ते. पण आमच्यात गोणपाट दिसणं म्हणजे भिंत दिसण्यासारखं आहे. लाकडं गोणपाटाने झाकायची, कोंबड्यांचं खुराडं गोणपाटाने झाकायचं, दाराशी पाय पुसायला गोणपाट, बसायला गोणपाट. मिठागरं होती तेव्हा घराघरात त्यांची थप्पी असायची, अजूनही आहे. त्यात बघण्यासारखं कोणाला काय वाटणार?

गणपतीच्या आदल्या दिवशी मुलगी आली. पिशवी खाली ठेवली आणि सरळ पडवीत गेली. काथ्या सोडला, गोणपाट ओढलं. ते टाकीला चिकटलं होतं. जोर लावून ओढलं तेव्हा काळ्या रंगाचा पापुद्रा गोणपाटाबरोबर उचलून आला, पोळी तव्याला लागली की येतो तसा. खाली लाल गंज. मडगार्डचं तेच. चेनही लाल, मी घासलेल्या ताराही लाल.

मिठाची गोणपाटं ती. कितीही झटकली तरी विणीत मीठ राहतंच, आणि पावसाळी हवेत ते पाणी ओढून घेत राहतं. हात लावला तर उन्हाच्या दिवशीही चिकट लागतात. हे आमच्यातल्या लहान पोराला माहीत आहे. म्हणजे सगळा पावसाळा आम्ही गाडीला मिठाचं ओलं पांघरूण घालून ठेवलं होतं.

दीर मागे येऊन उभे राहिले होते.

"झड येत होती गो बाय," ते म्हणाले. "म्हनून घातलं. मिठाची हाय ही, माझ्या ध्यानातच न्हाय आलं. सगला जन्म मिठात गेला माझा, नि ध्यानात न्हाय आलं."

मुलीने तो पापुद्रा हातात घेऊन बघितला आणि खाली टाकला.

"काका, ओरडायला मला वेळ नाहीये. दसऱ्याला किती दिवस राहिलेत?"

मलाही राग आला नाही. यायला हवा होता असं वाटलं, म्हणजे कोणाच्या तरी वतीने तरी. मी म्हटलं, "भाऊजी, चहा घ्या." ते चहा न घेता गेले. गणपतीत आरतीला आले ते मागे उंबऱ्याशी उभे राहिले आणि प्रसाद हातावर घेऊन निघून गेले. बोलणं नाही, बसणं नाही. मुलगी रोज पॉलिशपेपर घेऊन घासत बसायची. पण घासून करणार काय? उघड्या पत्र्यावर खाडीचा वारा लागला की दुसऱ्या सकाळी परत लाली. रंग हवा होता आणि रंगाला पैसे नव्हते. तशी लालभडक गाडी घेऊन आरटीओत गेली असती तर त्यांनी तिला रस्त्यावर येऊ दिलं नसतं. नोकरी हातची जाणार हे आम्हा दोघींना दिसत होतं.

गौरी-गणपती गेल्यावर दीर आले, हातात दोन डबे आणि बगलेत ब्रश. करंजाला त्यांचा एक जुना दोस्त आहे, होडीवाला. नारळी पौर्णिमेला होडी रंगवून उरलेला रंग त्याने दिला होता.

"होडीला चालतो तो हिला का न्हाय चालनार?" ते पुतणीला म्हणाले. "होडी तर खाऱ्या पाण्यातच बसलेली असते."

मुलीने झाकण उघडून बघितलं. हिरवट निळा, डोळ्यांत जाईल असा.

"काका, हा रंग?"

"दुसरा पांढरा हाय."

तिच्या तोंडावर हसू आलं ते मी बघितलं. घरात कोणी हसलं की आधी मीही हसायची, आता नुसतं बघितलं. रंग मात्र दिरांनी कोणाला लावू दिला नाही. खाली तांबडा प्रायमर, तो वाळला की वरून हा. उकिडवे बसून, होडीला मारतात तसा नाकाकडून शेपटीकडे एकाच दिशेने ब्रश ओढत, मधे उठून लांबून बघत. टाकीवर रंग वाळल्यावर त्यांनी हाताने एक पांढरा पट्टाही ओढला. कोणी सांगितला नव्हता. होडीला असतो म्हणून ओढला.

गॅरेजवाला बघायला आला तो दारातच थांबला.

"मावशी, हिला आरटीओत कशाला नेताय? बंदरात न्या, तिथे पास होईल."

"तू टाकी-मडगार्ड लाव आधी," मुलगी म्हणाली.

"लावतो ना. पुढे नाव पण घाला. आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवा."

दीर त्या दिवशी पहिल्यांदा हसले आणि त्यांनी चहाही घेतला. आरटीओत पास झाली गाडी. ह्यांच्या नावावरून माझ्या नावावर झाली आणि काळ्याचा निळा झाला म्हणून तोही कागदावर चढवून घ्यावा लागला. खिडकीतल्या माणसाने बाहेर डोकावून विचारलं, हा कुठला रंग? मुलगी म्हणाली, आमच्याकडचा आहे.

दसऱ्याला हे असताना मिठाची फळी आणि फटफटी दोन्ही पुजायचे. दिरांनी त्यांची फळी आणून गाडीला टेकवून ठेवली, दोघींना झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मी नैवेद्याचं पान ठेवलं. छान दिसत होतं सगळं.

कामाचा पहिला दिवस उजाडला. मुलगी सकाळी गेली, धूर उडवत, हेल्मेटच्या आतून काहीतरी बोलली ते मला ऐकू आलं नाही. मी दिवसभराचं केलं. भात सकाळीच करून ठेवला होता, सवयीने.

संध्याकाळी दिवे लागले. तिची यायची वेळ झाली आणि होऊन गेली. दीर येऊन पायरीवर बसले. मग उठले, रस्त्यापर्यंत जाऊन आले, परत बसले.

"फोन लावा ना, वहिनी."

"गाडीवर असेल तर कसा उचलेल?"

"त्या रस्त्याला नुसते ट्रेलर हायत."

"माहीत आहे मला."

"पिस्टन तो जुनाच टाकलाय ना?"

छातीत धडधडायला हवं, ते होत नव्हतं. फक्त मी त्यांच्याशी बोलत असतानाही माझे कान पुलाकडे होते, एवढं आठवतं. आळीत कोणाचा तरी टीव्ही चालू होता. एक ट्रेलर पुलावरून गेला, मग दुसरा गेला. दीर परत उठले, म्हणाले, "मी कोणाला तरी घेऊन बघून येतो." आणि चप्पल शोधायला लागले.

आणि पुलावर फट, फट, फट झालं. मूठ सोडलेली. तोच आवाज, तिलाही त्यांनीच शिकवलेलं ना.

मी आत होते. म्हणजे आत कधी गेले ते मला कळलं नाही. तांदूळ धुवून झाले होते, पातेलं गॅसवर होतं आणि मी काडी ओढत होते. सकाळचा भात शेजारी झाकलेला तसाच होता. दीर दारात येऊन उभे राहिले, एका पायात चप्पल.

"वहिनी, आली ती. काय करताय?"

"भात टाकते," म्हटलं.

मुलगी आली तिचे हात कोपरापर्यंत काळे. पुलाच्या पलीकडे गाडी बंद पडली होती, प्लगला काजळी धरली म्हणे. रस्त्याच्या कडेला बसून तिने प्लग काढला, पॉलिशपेपरने घासला, परत लावला. दोन ट्रेलरवाले थांबले होते, ताई मदत करू का म्हणून. तिने नको म्हटलं.

"आणि काम?" दिरांनी विचारलं.

"उद्या वेळेवर या म्हणाले. साहेब गाडी बघून हसला. मी म्हटलं, तुमची अट होती, गाडी हवी. रंगाची नव्हती."

ती हातपाय धुवून आली, ओट्यावर जरा टेकली, काकांना प्लगचं परत सगळं सांगितलं. तेवढ्यात भात झाला. मी वाढला. तिने पहिला घास घेतला आणि बोटं झटकली.

"आई, गरम आहे हा."

"हो. आत्ताच टाकला."

"सकाळचा होता ना?"

"आहे तो. उद्या फोडणीचा करीन."

तिने माझ्याकडे बघितलं आणि जेवायला लागली. इथे मी लिहायला हवं की मला भरून आलं. आलं नाही. पुष्कळ दिवस झाले त्याला, अजूनही तसं काही आलेलं नाही. पण रात्रीचा भात मी सकाळी करत नाही आता. पुलावर वाजलं की हात तांदळाच्या डब्याकडे जातात आणि मी त्यांना जाऊ देते.

तिचं जेवण झाल्यावर मी गोड पाण्यात फडकं भिजवून बाहेर गेले आणि गाडी पुसून काढली. खाडीवरून आलेल्या गाडीवर खार बसतो. दिरांनी विचारलं, वरून काही घालू का हिच्यावर?

"घाला," म्हटलं. "पण जुनी चादर घाला, भाऊजी."